बैठकींतील अनाहूत आवाज

ज्या घरांत गाण्याची आवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, त्या घरांत वर्षाकांठीं एखादी तरी बैठक होतेच. कधीं आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचें निमित्त असतें, कधीं गणेशोत्सवाचें. तर कधीं घरच्या मुलीनें गुरूंपाशीं दहा-बारा वर्षें घालविल्यावर चार जाणत्या मंडळींसमोर प्रथमच बसावें, एवढेंच कारण पुरतें. पूर्वीं अशी बैठक संपली म्हणजे ती खरोखरच संपे, आणि मागें उरे ती केवळ ऐकणाराच्या मनांतली आठवण. आतां तसें राहिलेलें नाहीं. ध्वनिमुद्रणाचें यंत्र ज्याच्या त्याच्या खिशांत आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं सारें कुटुंब गोळा होऊन आदल्या सायंकाळचें गाणें ऐकावयास बसतें, आणि पांच मिनिटांच्या आंत एकेकाचा चेहरा उतरूं लागतो. काल ज्या मारव्यानें अंगावर कांटा उभा केला होता, तो आज पंख्याच्या घरघरीमागें कोठें तरी दूर चाललेला असतो. मध्येंच कपबशा वाजतात, रस्त्यावरून रिक्षा जाते, कोणी खोकतें, आणि ऐन समेवर शेजारच्या स्वयंपाकघरांतील कुकरची शिट्टी होते. ‘काल हें सगळें होतें कोठें?’ असें मग घरांतील वडील मंडळी विचारतात.

तें सगळें कालही तेथेंच होतें. मनुष्य दोन कानांनीं ऐकतो, आणि त्या कानांमागें बसलेलें मन नको तें बाजूस सारून हवें तेवढेंच पुढें घेतें. पंगतींत पन्नास माणसें एकाच वेळीं बोलत असतां आपण शेजारच्या पाटावरील गृहस्थाचें बोलणें कसें वेगळें काढतों, अशाच तऱ्हेच्या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास कॉलिन चेरी या इंग्रज संशोधकानें १९५३ सालीं प्रसिद्ध केला. दोन कानांना मिळून आवाजाची दिशा कळते, आणि दिशा कळली म्हणजे निवड सोपी होते. मायक्रोफोनला दिशेचें हें ज्ञान नाहीं आणि निवडणारें मनही नाहीं. त्याच्या पडद्यावर हवेची जी लाट आपटेल ती तो निमूटपणें लिहून घेतो. ती गवयाच्या गळ्यांतून निघाली कीं पंख्याच्या पात्यावरून, हें त्याला सारखेंच.

या अनाहूत आवाजांचें करावयाचें काय? हल्लीं अशीं साधनें मिळतात कीं, एक कळ दाबतांच सारा गोंगाट नाहींसा होतो असें त्यांच्या जाहिराती सांगतात, आणि घरांतील तरुण मंडळींचा त्यांवर मोठा भरंवसा असतो. आमचें मत असें कीं, आपल्या संगीताच्या बाबतींत हा भरंवसा महागांत पडतो. कारण गोंगाटाबरोबर पहिला बळी जातो तो तंबोऱ्याचा. तें कसें, तें पुढें सांगूंच. आधीं या उद्योगाची थोडीशी पूर्वपीठिका पाहूं.

प्रत्यक्ष रंगलेल्या प्रयोगाचें ध्वनिमुद्रण करण्याच्या अगदीं पहिल्या प्रयत्नांपैकीं एक न्यूयॉर्क येथील मेट्रोपोलिटन ऑपेरांत झाला. तेथील संगीत-ग्रंथपाल लायोनेल मेपल्सन यांनीं १९०१ ते १९०३ या काळांत मेणाच्या नळकांड्यांवर चालू प्रयोगांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे टिपले. यंत्र प्रथम रंगमंचाच्या पुढील बाजूस, नटांना वाक्यें सुचविणारा मनुष्य बसतो त्या खोपटांत ठेवलेलें होतें; पुढें तें रंगमंचाच्या वर, पडदे ओढण्याच्या मचाणावर गेलें. इतक्या उंचीवरून मेणावर जें उतरलें तें दूरचें, अस्फुट आहे. शिवाय तीं नळकांडीं पुन्हां पुन्हां वाजविल्यामुळें झिजलीं. खरखरीच्या जाड पडद्याआड गाणें चाललें आहे असें तीं ऐकतांना वाटतें. तरीही जां द रेस्के या एका काळच्या जगद्विख्यात गायकाचा आवाज आज जो कांहीं ऐकावयास मिळतो तो केवळ याच नळकांड्यांवर. ती खरखर असह्य म्हणून कोणी तीं फेकून दिलीं असतीं तर काय गेलें असतें, हें वेगळें सांगावयास नको.

आतां आवाज येतात कोठून तें पाहूं. पहिला भाग वास्तूचा. लंडनमध्यें किंग्सवे हॉल नांवाचें एक सभागृह होतें. त्याचा गुंज इतका सुंदर कीं १९२६ पासून १९८४ पर्यंत मोठमोठ्या ग्रामोफोन कंपन्या वाद्यवृंद घेऊन तेथेंच धांव घेत. पण त्याच्या खालून भुयारी रेल्वे जात असे, आणि गाडी गेली म्हणजे तिची घरघर जमिनींतून वर येई. त्या सभागृहांत झालेल्या कित्येक नामांकित ध्वनिमुद्रिकांत नाजूक जागीं ही गाडी आजही ऐकूं येते. गाडीसाठीं ध्वनिमुद्रण थांबवीत, पुन्हां वाजवून घेत, पण सभागृह सोडीत नसत. पुढच्या पिढीनें हाच प्रश्न पायांतच सोडविला. बर्मिंगहॅमचें सिंफनी हॉल (१९९१) जवळून जाणाऱ्या रेल्वेच्या हादऱ्यांपासून वांचविण्यासाठीं रबराच्या गाद्यांवर उभें केलें आहे, तर मँचेस्टरचें ब्रिजवॉटर हॉल (१९९६) शेंकडों पोलादी स्प्रिंगांवर तोललेलें आहे. आपल्याकडे मुंबईस १९८० सालीं उघडलेलें टाटा थिएटर हें याच दृष्टीनें बांधलेलें दिसेल. फिलिप जॉन्सन हे त्याचे वास्तुकार आणि सिरिल हॅरिस हे ध्वनिशास्त्रज्ञ. मंचावरचें गायन यंत्रांच्या मदतीवांचून शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावें हा त्यांचा हेतु होता.

दिवाणखाना रबरावर उचलणें कोणाला शक्य आहे? पण खोली निवडणें आणि वेळ निवडणें तरी आपल्या हातीं असतें. आमची सूचना अशी कीं, बैठकीच्या आदल्या दिवशीं, बैठकीच्याच वेळीं, त्या खोलींत एकट्यानें पांच मिनिटें डोळे मिटून बसावें. मग तेवढाच वेळ मुद्रण करून तें हेडफोन लावून ऐकावें. वर्षानुवर्षें त्या घरांत राहूनही जे आवाज कधीं कानीं आले नव्हते ते सारे त्यांत भेटतील. शीतपेटीची गुणगुण, भिंतीवरील घड्याळाची टिकटिक, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकाचा एकसुरी भुणभुणाट, गच्चीवरील टांकींत पाणी चढविणारा पंप. यांपैकीं बहुतेकांचा बंदोबस्त फुकट होतो. शीतपेटी तीन तास बंद राहिली तर दूध नासत नाहीं. मात्र ती पुन्हां चालूं करण्याची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली तींतच ठेवण्याची एका गृहिणीची युक्ति आम्हांस फार आवडली. पंपाची वेळ शेजाऱ्यांशीं बोलून बदलतां येते, आणि शेजाऱ्यांना बैठकीचें आमंत्रण दिलें तर कुकरचाही प्रश्न सुटतो.

खरी पंचाईत पंख्याची. ध्वनिमुद्रणाच्या छांदिष्टांना विचाराल तर ते सरळ सांगतात कीं, पंखे बंद करा आणि खिडक्या लावून घ्या. वैशाखमासांत साठ माणसें, त्यांत निम्मीं वृद्ध, बंद खोलींत घामानें निथळत बसवावयाचीं, आणि तीं कशासाठीं, तर उद्यां आपणांस स्वच्छ ऐकूं यावें म्हणून! हें आम्हांस आतिथ्याला शोभणारें वाटत नाहीं. शिवाय घामाघूम झालेला श्रोता चुळबुळ करतो, पत्रिकेनें वारा घेतो, आणि ती फडफड पंख्यापेक्षां वाईट असते. मधला मार्ग आहे. गवयाच्या डोक्यावरील पंखा बंद ठेवावा, श्रोत्यांवरील मंद गतीवर चालवावे. पंख्याच्या आवाजाहून त्याचा वारा अधिक घातक असतो. तो मायक्रोफोनच्या पडद्यावर प्रत्यक्ष आदळला म्हणजे गडगडाट झाल्यासारखें ऐकूं येतें, म्हणून मायक्रोफोनला स्पंजाची टोपी घालावी. वातानुकूलन असेल तर खोली दोन तास आधीं गार करून घ्यावी, आणि आलापी चालूं असतां यंत्र बंद करून मध्यंतरांत पुन्हां लावावें. आणि निमित्त हलवितां येण्यासारखें असेल तर बैठक माघांत घ्यावी, यासारखा तर दुसरा उपाय नाहीं. भिंतींवरून परतणारा आवाज शोषून घेण्याचें काम सतरंज्या, गाद्या, जाड पडदे आणि स्वतः श्रोते चोख करतात. त्यावर अधिक लिहीत नाहीं.

आतां मायक्रोफोनची जागा. या एका गोष्टीवर जितकें अवलंबून आहे तितकें कोणत्याही महागड्या यंत्रावर नाहीं. मोकळ्या हवेंत गवयापासूनचें अंतर दुप्पट केलें म्हणजे त्याचा आवाज सहा डेसिबेलनें उतरतो, आणि निम्में केलें म्हणजे तितकाच चढतो. खोलीभर पसरलेली घरघर मात्र मायक्रोफोन कोठेंही नेला तरी जवळजवळ तेवढीच राहते. म्हणजे गवयापासून चार हातांवर असलेला मायक्रोफोन एक हातावर आणला तर गाणें घरघरीच्या मानानें सुमारें बारा डेसिबेलनें वर येतें. कोणत्याही कळीवांचून, तंबोऱ्याच्या एकाही सुराला धक्का न लावतां! आपल्याकडे काय होतें? घरांतील एखादा उत्साही भाचा पांचव्या रांगेंत बसून हातांत मोबाईल धरतो. त्याच्या पुढें चार रांगा खोकणाऱ्यांच्या, डोक्यावर पंखा, आणि गवई वीस फुटांवर. त्या ध्वनिमुद्रणांत गाण्यापेक्षां भाच्याचा श्वासोच्छ्वास अधिक स्पष्ट असतो. अर्थात् फार जवळ जाण्यांतही धोका आहे. वीतभर अंतरावर ओठांची उघडझांप ऐकूं येते, आणि एकाच दिशेनें ऐकणाऱ्या मायक्रोफोनांत जवळच्या आवाजाचा खर्ज उगीच फुगतो. हातभर अंतर, छातीच्या उंचीवर, किंचित् बाजूस, हें आम्हांस बहुतेक गळ्यांना मानवलेलें आढळलें आहे.

मायक्रोफोनला बहिरी बाजू असते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कार्डिऑइड नांवाचा जो प्रकार सर्वत्र वापरतात तो पाठीमागें बहिरा असतो. दुसरा एक प्रकार पुढें व मागें सारखाच ऐकतो, पण दोन्ही कुशींस अगदीं बहिरा असतो. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचें जें पेटंट मागितलें त्यांत अशा दिशा ओळखणाऱ्या मायक्रोफोनांच्या जोडीचाही उपयोग सांगितलेला आहे. व्यवहारांत याचा अर्थ एवढाच कीं, मायक्रोफोनचें तोंड गवयाकडे आहे कीं नाहीं हें जितकें पाहावयाचें, तितकेंच त्याची बहिरी बाजू पंख्याकडे, रस्त्याकडील खिडकीकडे किंवा ध्वनिक्षेपकाकडे आहे कीं नाहीं हेंही पाहावयाचें.

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें १६ जानेवारी १९३८ रोजीं बेनी गुडमन यांचा जो प्रसिद्ध जाझचा जलसा झाला, त्याचें ध्वनिमुद्रण मंचावर टांगलेल्या एकाच मायक्रोफोननें केलेलें होतें. तारेवरून तो आवाज स्टुडिओंत पोंचवून तबकड्यांवर उतरविला, आणि १९५० सालीं जेव्हां तो लोकांच्या हातीं आला तेव्हां टाळ्या, आरोळ्या, वादकांचे हाकारे या सर्वांसकट त्याला अपार मागणी आली. एकच मायक्रोफोन, पण जागा नेमकी! सार्वजनिक सभागृहांत जेथें ध्वनिक्षेपकाची व्यवस्था असते तेथें कांहीं जण व्यवस्थापकाच्या पाटीवरून थेट तार घेतात. तिच्यावर खोकला येत नाहीं हें खरें, पण सभागृहही येत नाहीं; गवई कपाटांत बसून गात आहे असें वाटतें. ती तार आणि मंचासमोरचा एक मायक्रोफोन, असे दोन्ही वेगवेगळे टिपून मागाहून मिसळावे. आमच्या अनुभवांत एका सभागृहाच्या व्यवस्थापकांनीं तार देण्यास साफ नकार दिला. पण तबल्याच्या साथीदारांनीं आपल्याच पायाशीं आमचें यंत्र ठेवून घेतलें, आणि डग्गा थोडा अधिक आला एवढेंच.

मोबाईलवर मुद्रण करणारांस एक इशारा द्यावासा वाटतो. पुष्कळ यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळण्याची व्यवस्था असते. बोलणें टिपावयाचें असेल तर ती सोयीची. गाण्याला ती वैरीण. गवयानें तान घेतली कीं यंत्र आवाज दाबतें, आणि तो श्वासासाठीं थांबला कीं ‘आवाज गेला’ असें समजून तेंच यंत्र पातळी चढवितें. मग त्या क्षणाच्या पोकळींत पंखा लाटेसारखा उसळून वर येतो. ही व्यवस्था बंद करून पातळी आपल्या हातानें बांधावी, आणि टिपेच्या सुरालाही थोडी जागा राहील अशी ती खालींच ठेवावी. चोवीस बिटांचें महागडें यंत्र घेतल्यानें खोलींतील गोंगाट रतिभरही कमी होत नाहीं, हेंही विक्रेते सांगत नाहींत म्हणून येथें सांगून ठेवतों.

अनेक यंत्रांवर खर्जाची घरघर कापणारी एक कळ असते. ऐंशी हर्ट्झच्या खालील सारें ती गाळते. रस्त्यावरील मोटारींची गुरगुर बहुतांशीं त्याच भागांत असते, म्हणून ही कळ लावण्याचा मोह होतो. पण हिशेब करून पाहा. बाई काळी चारमध्यें गात असतील तर त्यांचा षड्ज सुमारें २०८ हर्ट्झवर आणि तंबोऱ्याची खर्जाची तार १०४ वर. त्यांना या कळीचा त्रास नाहीं. तेंच बुवा काळी एकमध्यें गात असतील तर षड्ज १३९ वर, आणि खर्जाची तार ६९ वर. म्हणजे तिचा मूळ सूर बरोबर त्या कळीच्या कात्रींत सांपडला. विजेच्या तारेंतून शिरणारा भुणभुणाट आपल्याकडे ५० आणि १०० हर्ट्झवर असतो. तेवढाच अरुंद भाग मागाहून काढतां येतो, त्यासाठीं सारा तळ कापून टाकण्याचें कारण नाहीं.

येथवर निर्जीव वस्तूंविषयीं झालें. श्रोत्यांचें काय करावयाचें? खोकल्याचा प्रश्न जगभर आहे. हॅनोव्हर येथील अर्थशास्त्रज्ञ आंद्रेयास वॅगनर यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं असा निष्कर्ष मांडला कीं, संगीताच्या जलशांत मनुष्य एरवींपेक्षां सुमारें दुप्पट खोकतो, आणि तोही बहुधा संथ व अनोळखी भाग चालूं असतां! तेव्हां सारेच खोकले घशांतून येतात असें मानण्याचें कारण नाहीं. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या कार्यक्रमपत्रिकेंत श्रोत्यांना सांगत असत कीं, मोकळा खोकला ६५ डेसिबेलचा, म्हणजे शिंगवाद्याच्या मध्यम जोराच्या सुराएवढा भरतो. तोंडावर हातरुमाल धरला तर तोच अगदीं हळू होतो. ही सूचना आपल्या बैठकींतही यजमानांनीं हंसत-खेळत देण्यासारखी आहे, आणि सोबत खडीसाखर-लवंगेची वाटी फिरवावी. मागें बसणाऱ्या खोकणाऱ्यांचा आवाज अंतरानेंच कमी होतो हें खरें. पण म्हणून घरच्या वडिलांना, ज्यांच्यासाठीं बैठक केली त्यांना, शेवटच्या रांगेंत नेऊन बसवावें हें कांहीं आमच्या मनाला येत नाहीं.

स्व्यातोस्लाव रिख्टर यांनीं फेब्रुवारी १९५८ मध्यें बल्गेरियांत सोफिया येथें मुसोर्गस्कीची ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ ही रचना पियानोवर वाजविली. भर हिवाळा होता, आणि त्या ध्वनिमुद्रिकेंत श्रोते असे खोकत आहेत कीं जणूं सारें शहर पडशानें आजारी आहे. तरी त्या रचनेचें इतकें तेजस्वी वादन दुसरें क्वचितच झालें असेल असें जाणते म्हणतात. दुसरें महायुद्ध संपत आलें असतां बर्लिन येथें वाल्टर गीझेकिंग यांनीं बेथोव्हेनचा ‘एम्परर’ हा कन्चेर्टो रेडिओसाठीं वाजविला. त्याच्या हळुवार जागांमागें विमानविरोधी तोफांचे बार ऐकूं येतात. ते बार पुसून टाकावे असें आतां कोणास वाटेल?

आणि दाद? ती गोंगाटांत मोडते काय? यंत्राला विचाराल तर होय. ‘वाहवा’ आणि पेला पडल्याचा आवाज यांत त्याला फरक करतां येत नाहीं. पण आपली बैठक ही दोघांची मिळून होते. चांगल्या जागीं समोरून आलेल्या दादीनें गवई पुढची जागा घेतो, आणि ती जागा कां आली हें दाद पुसल्यास ध्वनिमुद्रणावरून कळेनासें होतें. आकाशवाणीनें १९५४ सालीं रेडिओ संगीत संमेलनें सुरू केलीं तीं निमंत्रित श्रोत्यांसमोर, तें उगीच नव्हे. वेळेवर आलेली दाद ठेवावी. ज्यांना प्रत्येक सुरावर मान डोलावून मोठ्यानें बोलावेंसें वाटतें अशा एखाद्या काकांची जागा मायक्रोफोनच्या बहिऱ्या बाजूस असावी. त्यांना त्याचें कारण सांगण्याची गरज नाहीं.

आतां त्या एका कळीनें होणाऱ्या सफाईकडे वळूं. टेपवरील सरसर कमी करण्याची प्रसिद्ध युक्ति रे डॉल्बी यांची. हे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६३ ते १९६५ युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतांत होते. येथें असतांनाच या विचारानें त्यांच्या मनांत मूळ धरलें असें सांगतात. १९६५ सालीं त्यांनीं लंडनमध्यें आपली प्रयोगशाळा काढली. त्यांच्या रीतींत हळू आवाज टेपवर जातांनाच उचलून धरावयाचे आणि वाजवितांना तितकेच खालीं उतरवावयाचे, म्हणजे टेपची सरसर त्यांबरोबर खालीं जाते. म्हणजे इलाज दुखण्याच्या आधींच केलेला असे. खोलींतील पंख्यावर त्याचा कांहीं परिणाम नव्हता.

आजची सफाई निराळ्या तत्त्वावर चालते. १९७९ सालीं स्टीव्हन बोल यांनीं भाषणांतील गोंगाट कमी करण्याची एक रीत मांडली. बोलणारा मध्यें थांबतो तेव्हां मागें उरतो तो केवळ गोंगाट. त्याचें माप घ्यावयाचें आणि सर्व मुद्रणांतून तें वजा करावयाचें. पुढें ही रीत पुष्कळ सुधारली, पण तिच्या बुडाशीं एक समजूत कायम राहिली. ती अशी कीं, जें बदलतें तें बोलणें आणि जें एकसारखें चालू राहतें तो गोंगाट. आतां आपल्या बैठकींत एकसारखें चालू राहणारें काय असतें? पंखा असतो, आणि तंबोरा असतो! यंत्राच्या लेखीं दोघे एकाच जातीचे. पाश्चात्य जलशांत दोन भागांमध्यें शांतता असते, तेथें निव्वळ गोंगाटाचें माप घेतां येतें. आपल्याकडे तंबोरा एकदां सुरू झाला म्हणजे शेवटच्या भैरवीपर्यंत थांबत नाहीं. गवयाच्या विश्रांतीचें माप घेऊन वजाबाकी केली, तर पंख्याबरोबर तंबोराही वजा होतो.

याची प्रचीति २०२० च्या टाळेबंदींत फार घरांना आली. परदेशांतील मराठी कुटुंबांतील मुलें पडद्यावरून पुण्या-मुंबईच्या गुरूंकडे शिकूं लागलीं, आणि गुरुजी विचारीत, ‘तंबोरा लावलास ना?’ मुलगी म्हणे, ‘लावलाय, इथें मोठ्यानें वाजतोय!’ तिकडून तो निघे आणि वाटेंतच तें यंत्र त्याला गोंगाट समजून गिळून टाकी. झूम या साधनांत ‘ओरिजिनल साउंड’ नांवाची जी सोय आहे ती यासाठींच लावावी लागते.

तंबोरा गेला तर एवढें काय बिघडलें, असें कोणी विचारील. १९२१ सालीं सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं तंबोरा व वीणा यांवर लिहिलेल्या निबंधांत दाखवून दिलें कीं, तार ज्या बिंदूवर छेडली तेथें जे उपस्वर युरोपीय नियमाप्रमाणें उमटूंच नयेत, तेही तंबोऱ्यांत उमटतात. याचें कारण त्याची वक्र घोडी आणि तिच्यावरील जवारीचा दोरा. गवई त्या उपस्वरांत बसून आपला गंधार लावतो. ते काढून घेतल्यावर जो गंधार उरतो तो सुरेल आहे कीं नाहीं हें ठरविण्यास कांहीं आधारच राहत नाहीं. शिवाय जोराची सफाई केली म्हणजे उरलेल्या आवाजांत पाण्याखालीं बुडबुडे यावे तशी एक चमत्कारिक किलबिल शिरते. ती एकदां ऐकली म्हणजे पंख्याची घरघर सोज्वळ वाटूं लागते.

सफाई करावयाचीच असेल तर तिची तयारी आधीं करावी. श्रोते बसले, पंखे चालूं झाले, दिवे लागले, पण तंबोरा अजून गवसणींत आहे, अशा वेळीं यजमानांनीं मंडळींना अर्धा मिनिट शांत बसण्याची विनंती करून तेवढें मुद्रण करून ठेवावें. निव्वळ गोंगाटाचें माप संपूर्ण बैठकींत या एकाच जागीं मिळतें. त्यावरून वजाबाकी करतांना पंखा पुरता नाहींसा करण्याचा हट्ट नको. पांच-सहा डेसिबेल उतरला कीं कान त्याला विसरतात. आणि बहुतेक साधनांत जें काढलें तेवढेंच ऐकण्याची सोय असते. तें अवश्य ऐकावें. त्या काढलेल्या भागांत घरघरीबरोबर जवारीची झांक दिसली, तर हात तेथेंच थांबवावा. एखादा खोकला, पडलेला पेला, मोबाईलची घंटी, हे सुटे आवाज आतां ध्वनीचें चित्र पडद्यावर पाहून एकेक निवडून काढतां येतात. तें काम तांदूळ निवडण्याइतकेंच सावकाश करावें लागतें, पण त्यांत इजा कमी.

जुन्या टेपांविषयीं चार शब्द. अनेक घरांच्या माळ्यांवर १९६०-७० च्या बैठकींचीं रिळें आणि पुढच्या काळांतील कॅसेटी पडून आहेत. त्या संगणकावर उतरवून घेतांना जशा आहेत तशा उतराव्या. जगांतील ध्वनिसंग्रहालयांची संघटना त्यासाठीं चोवीस बिट आणि निदान ४८, शक्य तर ९६ किलोहर्ट्झ हें माप सांगते. कॅसेटवर डॉल्बीची खूण असेल तर वाजविणाऱ्या यंत्रावरही ती व्यवस्था चालूं असावी, नाहीं तर सरसर वाढलेली मिळेल. मूळ प्रतीवर कोणतीही सफाई करूं नये, जें करावयाचें तें दुसऱ्या प्रतीवर.

हा नियम पाळल्यानें आमच्या परिचयाच्या एका घरांतील मोठा तंटा मिटला. त्यांच्या रिळावर एका थोर गायिकेची घरगुती बैठक आहे, आणि सबंध विलंबित ख्यालभर कोणाच्या तरी बांगड्या वाजत आहेत. धाकट्या भावाला त्या काढून हव्या होत्या. त्यानें तीन आठवडे खपून त्या काढल्याही, आणि प्रत खरोखर सुरेख झाली. थोरल्या भावानें ती ऐकली आणि तो एवढेंच म्हणाला कीं, तंबोऱ्यावर आई बसली होती. आतां त्या घरीं दोन प्रती आहेत. पाहुण्यांना स्वच्छ प्रत ऐकवितात. दर श्राद्धाच्या दिवशीं, मंडळी जेवून उठल्यावर, बांगड्यांची लावतात.